वॉशरकाकांची अर्धा इंच

वॉशरकाकांना त्यांच्या खऱ्या नावानं हाक मारून बघा, ढिम्म हलणार नाहीत. "ओ वॉशर!" म्हणा, मान वळलीच म्हणून समजा. हे नाव त्यांनी स्वतःच्या तोंडानं कमावलंय. नळ गळतोय म्हणून कुणी बोलावलं, की घरातली माणसं आधीच धास्तावलेली असतात. पाइप बदलायचा का, फरशी फोडायची का, वरच्या मजल्यावाल्याशी भांडायचं का? काका पिशवी खाली टेकवतात, नळाकडे डोळे बारीक करून बघतात आणि म्हणतात, "थांबा. आधी वॉशर बघू." आणि बहुतेक वेळा तोच निघतो. रबराचा एवढासा तुकडा, झिजून कागद झालेला.

हात सोन्याचे, पण तोंड म्हणाल तर सैल नळाचं. बंदच होत नाही. चांगल्या शिकल्यासवरल्या गृहस्थाला तोंडावर सांगतील, "साहेब, नळ बंद करायचा असतो, त्याचा गळा दाबायचा नसतो." लोक रागावतात, हसतात आणि पुढच्या वेळी पुन्हा त्यांनाच बोलावतात. कारण काकांचा एक नियम साऱ्या गल्लीला पाठ आहे. गळती उद्यावर टाकायची नाही. मेव्हणीच्या लग्नात नवे कपडे घालून गेलेला हा माणूस जेवणाआधी हात धुवायला म्हणून गेला, तो थेट बेसिनखाली पालथा सापडला. बायको आजही ते ऐकवते. "सगळ्यांच्या फोटोत नवरे आहेत, माझ्या फोटोत पाना आहे."

काकांना एकच मुलगी. तिला लोक धाकटी वॉशर म्हणतात. लहानपणी शाळा सुटली की दप्तर टाकायची आणि बापाच्या मागे निघायची. पाना दे, टेप दे, टॉर्च धर असं करत करत एक दिवस काकांचा जाडजूड पंजा जिथं जात नव्हता, त्या बेसिनमागच्या सांदीत तिनं आपला हात घातला आणि आटे न बिघडवता नट बसवून दाखवला. काका तिथंच गार. तेव्हापासून दुकानात दोन स्टुलं. "मुलीच्या जातीला कसले नळ शिकवता?" असं म्हणणारे निघालेच. काकांनी त्यांना सरळ विचारलं, "पाना कुणाच्या हातात आहे हे नळाला कळतं का हो? नाही ना? मग तुम्हाला कशाला कळायला हवं?"

धाकटी वॉशर लग्न होऊन दोन गल्ल्या पलीकडे राहायला गेली, पण स्टूल काही सोडलं नाही. नवरा मालट्रक चालवतो. भला माणूस, पण आठवड्यातले निम्मे दिवस रस्त्यावर. दिवस राहिले तेव्हा पहिल्या सोनोग्राफीचा फोटो घेऊन ती घरी न जाता दुकानातच आली. काकांनी चष्मा लावून, उजेडाकडे धरून, उलटासुलटा करून तो फोटो बघितला. "यात आहे कुठं?"

"हे काय, हे. अर्ध्या इंचाच्या वॉशरएवढं."

झालं! त्या दिवसापासून पोटातल्या जिवाचं नाव अर्धा इंच. काकांची बायको चिडायची. "पाइप आहे का तो? मेली काय ती भाषा!" पण पोट वाढत गेलं तसं तीही फोनवर विचारायला लागली, "अर्धा इंच हलतोय ना गं नीट?"

पोट दिसायला लागल्यावर काकांनी लेकीचं शिडी चढणं, वाकणं, ओझं उचलणं सगळं बंद केलं. तिला दुकानात बसवलं. जुने नळ उघडायचे, साफ करायचे, वॉशर घालायचे आणि मोठ्या टबावर जोडून पाण्याचा दाब देऊन तपासायचे. बसल्या जागेचं काम, पण शिंतोड्यांचं. तपासताना एखादा नळ असा फिस्कारायचा की समोरचा माणूस छातीपासून गुडघ्यापर्यंत ओला. संध्याकाळी ती उठायची तेव्हा कपडे दमट असायचेच. काकांचेही असायचे. त्या धंद्यात कोरडं राहिलेलं माणूस म्हणजे कामचुकार माणूस.

आणि इथंच घात झाला. अहो, पाण्यात काम करणाऱ्याला ओलं झाल्याचं काय कौतुक! सातवा महिना सरत आला होता. दोनतीन दिवस तिला सारखं ओलं वाटत होतं. एकदा वाटलं, टबाचं पाणी. एकदा वाटलं, बाळ दाबतंय म्हणून लघवी सुटत असेल. शेजारणीला होतंच की असं. आणि काका? काकांनी लेकीचे ओले कपडे स्वतःच्या डोळ्यांनी बघितले आणि म्हणाले, "बदल जा, सर्दी होईल."

मग सुट्टीचा दिवस उजाडला. दुकान बंद. लेक आईकडे जेवायला आलेली, इस्त्रीचे कोरडे कपडे घालून. जेवली, खुर्चीत बसून आईशी गप्पा मारल्या, आणि पाणी प्यायला म्हणून उठली. आईचं लक्ष खुर्चीकडे गेलं. "अगंबाई, इथं पाणी कुणी सांडलं?"

काकांनी काय केलं माहीत आहे? आधी वर बघितलं. छताकडे! मग भिंतीवरून हात फिरवला. मग खुर्चीवर चढून वरच्या कोपऱ्यात बोट लावलं आणि म्हणाले, "वरच्यांच्या न्हाणीघरात पाणी मुरतंय. मी त्याला आत्ताच—"

"बाबा, खाली उतरा," लेक म्हणाली. तिचा आवाज भलताच हळू होता. "वरून नाही. माझ्याकडूनच आहे. आज तर मी नळाला हातही लावला नाही."

काकांच्या तोंडचं पाणी पळालं. ते खुर्चीवर उभेच. बायकोनं मात्र एक क्षण वाया घालवला नाही. लेकीचा हात धरला, चपला घातल्या आणि दारातून मागे वळून नवऱ्याला म्हणाली, "जन्मभर जगाच्या गळत्या शोधल्यात. घरातली तेवढी दिसली नाही. चला आता, रिक्षा बोलवा."

दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. काका पुढे कितीतरी दिवस ते वाक्य चघळत होते. आणि त्यात बायकोचं काही चुकलंही नव्हतं.

हॉस्पिटलात एक तरुण डॉक्टरबाई होत्या. बोलणं तुटक, पण नजर मायाळू. त्यांनी तपासलं, सोनोग्राफी केली, बाळाचे ठोके ऐकवले. ठोके ऐकून तिघांच्याही जिवात जीव आला. मग डॉक्टरबाई म्हणाल्या, "पाणमोट फुटली आहे. बाळ ज्या पाण्याच्या पिशवीत असतं ना, तिला भोक पडलंय. कळा सुरू व्हायच्या आत, आणि दिवस भरायच्या कितीतरी आधी."

काका लगेच पुढे सरसावले. त्यांच्या ओळखीचा विषय निघाला होता. "मग पॅच लावा. टाका घाला. काय लागेल ते करा, पण आत्ता करा."

"याला पॅच नसतो, काका."

"मग बाळाला बाहेर काढा! फुटक्या टाकीत ठेवायचं का त्याला?"

डॉक्टरबाईंनी त्यांना बसायला लावलं. त्यांनी जे सांगितलं ते काकांना आजही तोंडपाठ आहे. बाळाची फुप्फुसं अजून कच्ची आहेत. आज बाहेर आलं तर एकेका श्वासासाठी झगडावं लागेल. आत राहील तो प्रत्येक दिवस त्याच्या कामाचा. पण पिशवी फुटली म्हणजे दार किलकिलं झालं, त्यातून जंतू आत शिरले तर आई आणि बाळ दोघांच्याही जिवावर बेतू शकतं. म्हणून आईला इथंच राहायचं. जंतूंविरुद्ध औषध चालू करायचं, बाळाची फुप्फुसं लवकर पिकावीत म्हणून आईला इंजेक्शनं द्यायची, आणि डोळ्यात तेल घालून लक्ष ठेवायचं. ताप येतो का, पोट दुखतं का, पाण्याला वास येतो का, रंग बदलतो का, बाळाचे ठोके वाढतात का. यातलं काही झालं तर थांबायचं नाही. तोवर मात्र थांबायचं.

"म्हणजे गळती तशीच ठेवायची?" काकांचा विश्वास बसेना.

"हो. गळू द्यायचं."

गळू द्यायचं! उभ्या जन्मात वॉशरकाकांना कुणी असं सांगितलं नव्हतं. ज्या माणसानं सख्ख्या मेव्हणीच्या लग्नात बेसिन सोडलं नाही, त्यानं पोटच्या पोरीची गळती बघत हातावर हात धरून बसायचं. त्यांनी लेकीकडे बघितलं तर ती छताकडे बघत विचार करत होती.

"डॉक्टर, सगळं गळून गेलं तर?"

"सगळं जात नाही. नवं तयार होत राहतं. खरं सांगायचं तर ते पाणी बहुतेक बाळाचंच असतं. बाळ आत लघवी करतं, तेच ते पाणी."

त्या सगळ्या घोरातही धाकटी वॉशर खुदकन हसली. "बाबा, ऐकलंत? खालून आपली टाकी गळतेय आणि वरून अर्धा इंच भरतोय. माझं लेकरू आत ड्यूटीवर आहे!"

तिच्या आईनं पदर डोळ्यांना लावला. काकांनी खिशातून रुमाल काढला आणि उगाच चष्मा पुसला. असली पोरगी! ज्याच्या पोटी असं लेकरू जन्माला येतं त्यानं कशाला घाबरावं, असं त्यांना वाटलं. आणि ते घाबरलेलेच राहिले.

वॉर्डात खाटा रांगेनं, खिडकीबाहेर एक पाण्याची टाकी. ती ओसंडून वाहत नाही ना, हे काका रोज आल्याआल्या बघायचे. वॉर्डाची सिस्टर म्हणजे प्रौढ, ठेंगणी, आवाजाला खणखणीत बाई. काकांना तोडीस तोड. पहिल्याच आठवड्यात दोघांची जुंपली, आणि चूक शंभर टक्के काकांची होती.

झालं असं, की काकांनी रात्रंदिवस डोकं लढवलं. गळती दुरुस्त करता येत नसेल तर माणूस काय करतो? मेन कॉक बंद करतो. आवक कमी तर जावक कमी. त्यांनी लेकीच्या उशाशी असलेला पाण्याचा जग हळूच खिडकीत नेऊन ठेवला. "दोन घोट पी फक्त. घसा ओला करण्यापुरतं." आणि गंमत बघा, लेकीलाही ते पटलं! तीही बापाचीच ना. दोघं खुशीत. सिस्टर दुपारी फिरत आली, पोरीचे सुकलेले ओठ बघितले, खिडकीतला भरलेला जग बघितला आणि कडाडली.

"हे डोकं कुणाचं?"

"मेन कॉक—" काका म्हणाले.

"अहो, कसला मेन कॉक! माणूस आहे ती, इमारत नाही! पाणी तोडलं म्हणून गळायचं थांबत नाही, उलट बाळाला कमी पडेल. प्यायला द्या भरपूर! दोन प्लंबर एका खोलीत, आणि शहाणपण एकाकडेही नाही."

सगळा वॉर्ड हसला. लेक तर पोट धरून. सिस्टरनं तिलाही दटावलं, "आणि तू हस हळू." त्या दिवसापासून काकांना एकच काम. तासातासाला लेकीसमोर ग्लास धरायचा. आयुष्यात पुष्कळ जणांना पाणी पाजलंय म्हणणारे काका आता खरोखरच पाजत बसले.

पण हात शिवशिवायचेच. वॉर्डाच्या न्हाणीघरातला एक नळ टपटप गळत होता. दोन दिवस काकांनी कानात बोटं घातली. तिसऱ्या दिवशी सिस्टरसमोर उभे राहिले. "बाई, माझ्या पोरीचं मला काही करता येत नाही. निदान तो नळ तरी करू द्या. नाहीतर मी वेडा होईन." सिस्टरनं त्यांच्याकडे नीट बघितलं. काहीतरी उलट बोलणार होती, ते गिळलं. "करा," म्हणाली. आणि नळ झाल्यावर, "वरच्या मजल्यावरचेही दोन आहेत." लेकीजवळ बसायचं, ग्लास धरायचा, आणि उरल्या वेळात हॉस्पिटलचा एकेक नळ गप्प करत सुटायचं, असा काकांचा दिवस जायला लागला. एक सोडून सगळ्या गळत्या त्यांनी बंद केल्या.

आणि धाकटी वॉशर? ती पडून होती. ज्या पोरीला दहा मिनिटं एका जागी बसवत नव्हतं, ती आठवड्यामागून आठवडे ओल्या कपड्याच्या घडीवर पडून राहिली, इंजेक्शनं घेतली, सुया टोचून घेतल्या, आणि तक्रार म्हणून केली नाही. सिस्टरनं तिला शिकवलं होतं. घडी बदलताना दर वेळी बघायचं. पाणी स्वच्छ, किंवा किंचित गुलाबीसर, तर ठीक. हिरवट, गढूळ किंवा वास आला, तर घंटा दाबायची, कुणाची भीड बाळगायची नाही. ती हे काम असं करायची की जणू दुकानातल्या टबासमोरच बसली आहे. शेजारच्या खाटेवर नवी पोटुशी बाई आली की सांगायची, "थेंबभर ओलं वाटलं तरी त्याच दिवशी ये हो दाखवायला. माझ्यासारखं टबावर ढकलू नकोस." जावई ट्रकवरून सुटला की धुळीच्या कपड्यांनी धावत यायचा. सिस्टर त्याला दारातच अडवून हात धुवायला पाठवायची, आणि तोही बिचारा नवीन वॉशर घातलेल्या नळाखाली कोपरापर्यंत घासून यायचा.

डॉक्टरबाई रोज म्हणायच्या, "आणखी एक दिवस मिळाला." काकांना आधी हे काही कळायचं नाही. मग कळायला लागलं. इतकं, की संध्याकाळी घरी जाताना ते लेकीच्या पोटाकडे बघून म्हणायचे, "शाबास रे अर्धा इंच. लाव उद्याची पाळी."

एका दुपारी काका जिन्याजवळच्या बेसिनखाली पाठीवर पडले होते. वॉर्डातून घंटा वाजली. घंटा तर सारखीच वाजायची. पण मग ती थांबेचना. काका उठले, कपाळ बेसिनला आपटलं, तसेच धावले.

लेक खाटेवर उठून बसली होती. गाल लाल, अंगावर काटा. सिस्टर आधीच तिच्यापाशी. "सिस्टर, वास बदललाय," लेक सांगत होती. "सकाळी नव्हता. आणि मला थंडी वाजतेय." सिस्टरनं घडी बघितली, कपाळाला हात लावला, पोटावर यंत्र ठेवलं. ठोके धावत होते. आगगाडी सुटल्यासारखे. डॉक्टरबाई आल्या, ऐकलं, आणि काकांकडे वळल्या.

"काका, आता नाही थांबायचं."

इतके दिवस ज्या वाक्यासाठी जीव टांगणीला लागला होता, ते ऐकल्यावर काकांना वाटलं, आणखी एक दिवस मिळाला असता तर! लेकीला ट्रॉलीवरून नेताना तिनं बापाचा हात धरला. तिच्या बोटांवर जुन्या पान्यांचे घट्टे होते, काकांच्या घट्ट्यांसारखेच.

"बाबा, वेळेवर कळलं ना मला?"

"वेळेवर," काका म्हणाले. "अगदी वेळेवर, पोरी. असं काम मलाही जमलं नसतं."

हे खरं होतं, आणि तिला ते आधी कधी असं सांगितलं नव्हतं.

ऑपरेशन झालं. मुलगी झाली. इतके दिवस सगळे "तो" म्हणत होते आणि निघाली ती. रडायला तिनं जरा वेळ लावला. बाहेर बसलेल्या काकांनी आणि त्यांच्या बायकोनं श्वास रोखून धरला होता. मग आतून मांजराच्या पिल्लासारखा एक आवाज आला. चिवट, चिडका. "माझ्यावर गेली," काका म्हणाले आणि भर कॉरिडॉरमध्ये हुंदका दिला.

पण घोर संपला नव्हता. आईला ताप, तिची औषधं चालू. बाळ काचेच्या उबदार पेटीत, नाकाशी बारीकशा नळ्या, श्वासाला हातभार म्हणून. दुसऱ्या दिवशी सकाळी बाळांच्या खोलीतली सिस्टर, एक शांत तरुण मुलगी, म्हणाली, "श्वास बरा आहे. रंग बरा आहे. पण अजून लघवी केलेली नाही तिनं. सगळं आतून नीट चाललंय की नाही, ते त्यावरून कळतं. आम्ही वाट बघतोय."

काका हबकले. जिनं इतके आठवडे आतून टाकी भरली, ती बाहेर आल्यावर थांबली?

"आणि एक," सिस्टर म्हणाली. "तिला आता कुणाच्या तरी उघड्या छातीवर ठेवायचंय. अंगाची ऊब मिळाली की ठोके, श्वास, सगळं स्थिरावतं. आई तापात आहे. वडील कुठायत?"

वडील काचेबाहेर उभे होते आणि त्याच क्षणी शिंकले. रात्रभर ट्रक हाकून, वारा खाऊन आलेले. सर्दीनं नाक लाल. "त्यांना नाही," सिस्टर म्हणाली. आजीकडे बघितलं तर आजी लेकीजवळून हलायला तयार नव्हती. ती नवऱ्याला म्हणाली, "तुम्ही जा. एवढी रुंद छाती घेऊन फिरता, एकदा तरी कामाला येऊ दे."

"शर्ट काढा," आतली सिस्टर म्हणाली.

"सगळ्यांसमोर?"

"काका!"

काकांनी शर्ट काढला. हात कोपरापर्यंत धुतले. सिस्टरनं बघितलं, "नखं," म्हणाली, आणि पुन्हा धुवायला लावले. नखांतली ती काळी रेघ जन्माची होती, पण ब्रशनं घासून घासून तीही गेली. मग त्यांना आरामखुर्चीत मागे रेलवलं आणि छातीवर ती ठेवली.

वजनच नव्हतं. पाने-हातोडे उचलणाऱ्या माणसाला वाटलं, वर काही ठेवलंय की नाही? मग पाच बोटांचा पंजा त्यांच्या पांढऱ्या केसांत घुसला आणि पक्का धरला गेला. लंगोट तिला कमरेत दोनदा गुंडाळूनही सैल. "फिटिंग ढिलं आहे," काका पुटपुटले. "याहून लहान येत नाही," सिस्टर म्हणाली आणि वरून दोघांना मऊ कापडानं बांधून टाकलं.

काका हलले नाहीत. तोंडही बंद. त्यांच्या ओळखीतल्या कुणी बघितलं असतं तर डॉक्टर बोलावला असता. छाती अभिमानानं फुगवायची तर सोय नव्हती, वर नात झोपली होती. मनातल्या मनात ते तिला सांगत होते. तुझी आई कशी पडून राहिली, कशी घंटा दाबली. तू कशी आत बसून पाणी पुरवलंस. आता एवढं कर बयो. एकदाच कर.

बाहेर जावई काचेला नाक लावून उभा. खोलीत यंत्रांची टिकटिक. बऱ्याच वेळानं काकांना डाव्या बरगडीपाशी काहीतरी कोमट जाणवलं. जन्माची सवय, बोट आपोआप तिकडे गेलं. बोट ओलं झालं.

"सिस्टर!" असा आवाज त्या खोलीत कुणी कधी काढला नसेल. "सिस्टर, गळतंय! आमचं गळतंय!"

ती धावत आली. कापड बाजूला केलं, बघितलं, आणि त्या शांत मुलीच्या चेहऱ्यावर असं हसू पसरलं की काकांना काही विचारावंच लागलं नाही. "केली की हो! आणि चांगली केली." काचेबाहेर जावई हातवारे करून विचारत होता, काय, काय? काकांनी अंगठा वर केला. जावई शिंकला, हसला आणि बाह्यांनी डोळे पुसत बायकोच्या वॉर्डाकडे पळाला.

"ओ!" काका त्याच्या मागून ओरडले. काचेतून ऐकू जाणार नाही हेही विसरले. "सांगा तिला, अर्धा इंचला प्रेशर चांगलं आहे!"

सिस्टरनं भराभर बाळाचा लंगोट बदलला, तिला कोरडं करून पुन्हा छातीवर निजवलं. मग एक फडकं घेऊन काकांकडे वळली. "आता तुम्हाला पुसते. पोटावरून खाली ओघळ चाललाय."

वॉशरकाकांनी तिचा हात हळूच बाजूला केला.

"राहू दे, बाळ," ते म्हणाले. "गळू दे."